चौकटीवरची तिरकी खोबण

कुणाच्याही घरी गेलं की काका आत शिरण्याआधी दाराच्या चौकटीच्या उजव्या बाजूवर बोटं फिरवायचे. दार उघडलेलं, यजमान "या, या" म्हणतायत आणि हे उंबऱ्यावर उभे राहून लाकूड चाचपतायत. "चौकट खोटं बोलत नाही," असं म्हणून मग बूट काढायचे. ज्याचं वेड त्याच्या आधी घरात शिरतं, असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

२००३ साली मी नागपूरहून अमेरिकेत पिस्कॅटवेला आलो तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती. आमच्या ऑफिसात सीनियर टेस्टर असलेले काका मला रोज राइड द्यायचे. ते मूळचे रेवदंड्याचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. पूर्वज शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली. काकांचं मराठी माझ्यापेक्षा चोख होतं आणि ते मला तसं ऐकवायचेही.

आम्ही सगळे सुट्टीत इंडियाची तिकिटं बुक करायचो. काका दर जूनमध्ये पोलंड नाहीतर हंगेरीला जायचे. ज्यू घराच्या दाराला, चौकटीच्या उजव्या बाजूला, प्रार्थनेचा कागद घातलेली एक छोटी डबी तिरकी बसवतात. तिला मेझुझा म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी तिकडच्या अशा घरांतली माणसं नेली, डब्या गेल्या, वर रंगाचे थर चढले. तरी काही चौकटींवर ती तिरकी खोबण राहिली. काका गावोगाव हिंडून तिचे फोटो काढायचे आणि मागे घराचा नंबर लिहायचे.

"काका, पण तुमचं तिथे कोण आहे?" मी एकदा विचारलं.

"कोणी नाही. ज्यांचं होतं त्यांना तिथे उभं राहवत नाही. मला राहवतं."

त्यांच्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर एक पोलिश ज्यू आजी राहायच्या. सोळाव्या वर्षी गाव सुटलं ते सुटलंच. काकांनी त्यांना फार खोदून विचारलं नाही. फक्त गावाचं नाव, चौक आणि तिथल्या पाण्याच्या पंपापासून तिसरं घर एवढं लिहून घेतलं आणि त्या जूनमध्ये फोटो आणला. आजींनी तो क्षणभर पाहिला आणि परत केला.

"हे आमचं नाही. आमच्या दाराला तीन पायऱ्या होत्या. इथे एकच आहे."

काका वाद घालत बसले नाहीत. पुढच्या वर्षी पुन्हा त्याच गावी गेले.

परत आल्यावर गाडीत मला सगळं सांगितलं. घरमालक म्हातारा दार उघडेना. हा परका घरावर हक्क सांगायला आलाय, असं त्याला वाटलं. गावातल्या शाळेच्या बाई दुभाषी म्हणून सोबत होत्या. काका म्हणाले, "त्यांना सांगा, मला घर नको. पायऱ्या किती होत्या तेवढं विचारा." तेव्हा म्हाताऱ्याने दार उघडलं. मग म्हणाला, "तीन. रस्ता वर घेतला तेव्हा दोन खाली गाडल्या गेल्या." काकांनी ठसा घ्यायला खोबणीवर कागद धरून पेन्सिल घासायला घेतली. कागद हलत होता, म्हणून त्याची दोन टोकं म्हाताऱ्याने स्वतः दाबून धरली.

तो कागद आजींना द्यायला मीही गेलो होतो. काकूंनी सोबत पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा केला होता. आजींनी पायऱ्यांची हकिकत ऐकली आणि कागदावर तळहात ठेवला. पुष्कळ वेळ उचलला नाही. मग मलिद्याकडे पाहून त्यांनी विचारलं, "हे ज्यू खाणं आहे?"

"रेवदंड्याचं आहे," काका म्हणाले. "खा."

आजींनी दोनदा घेतला.

२००७ च्या हिवाळ्यात काकांना हार्ट अटॅक आला आणि ते गेले. दफनाला आम्ही ऑफिसचे सगळे होतो. एकेकाने फावड्याने माती लोटली. माझी पाळी झाल्यावर तोंडातून "येतो, काका," असं निघून गेलं.

वॉकर घेऊन उभ्या असलेल्या आजींनी माझी बाही धरली. "काय म्हणालास?"

"आमच्याकडे निघताना जातो म्हणत नाहीत. परत येईन, असं म्हणतात. बाई असेल तर 'येते' म्हणते."

आजींनी शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग वॉकर सोडला, माझ्या हाताच्या आधाराने मातीपर्यंत आल्या आणि स्पष्ट म्हणाल्या, "येते."