वहिनीच्या जागेवर पुण्याला

बुऱ्हाणपूर स्टेशनावर मला सोडायला चौघं आली होती, आणि त्यांच्यातलं जे माणूस खरं तर गाडीत बसायला हवं होतं तेच माझी बॅग धरून उभं होतं. ते माणूस म्हणजे माझी वहिनी. दादा पाण्याची बाटली आणायला गेला होता. बाबा माझा डबा नेमका कुठे लागतो हे दिसेल त्याला विचारत होते. आई मावा जिलबीचा डबा पिशवीत कोंबत होती, जणू पुण्यात गोड म्हणून काही मिळतच नाही. आणि वहिनी लॅपटॉपच्या बॅगेची चेन उघडून पुन्हा पुन्हा चार्जर बघत होती. बॅगही तिचीच होती. माझी जुनी बॅग खांद्याला टोचते असं मी सहज म्हणाले होते, तर हिनं आपली रिकामी करून दिली.

गाडी हलली तेव्हा आई म्हणाली, "पोचली की फोन लावजो." बाबा म्हणाले, "हाती घेतलं ते काम पुरं करजो. अर्ध्यात सोडू नको." वहिनीनं नुसता हात हलवला. मला त्या वेळी तेच बरं वाटलं.

आमचं घर बुऱ्हाणपूरजवळच्या दापोऱ्याचं. बाबा आणि दादा केळी बघतात. वहिनी बी.कॉम. होऊन आमच्या घरात आली आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत बुऱ्हाणपुरात बुधवाऱ्यातल्या एका कापड दुकानाच्या वरच्या खोलीत कामाला लागली. पुण्याच्या एका कंपनीनं तिथे पाच-सहा मुलींना बसवलं होतं. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे काम. कॉलेज संपल्यावर मी घरी बसून चिडचिड करायला लागले तेव्हा वहिनीच मला त्या खोलीत घेऊन गेली. माऊस कसा धरायचा एवढंच काय ते मला आधी येत होतं, बाकी सगळं तिनं शिकवलं.

सॉफ्टवेअर होतं दवाखान्यांसाठी. रुग्णाची नोंद, बिल, डिस्चार्ज, सगळं त्यात. आम्ही दिवसभर खोटे रुग्ण दाखल करायचो. बाकीच्या मुली 'टेस्ट वन', 'टेस्ट टू' अशी नावं टाकायच्या. वहिनीला ते पटायचं नाही. ती सासर-माहेरची खरी नावं टाकायची. दादाचं अपेंडिक्स तिनं किती वेळा काढलं असेल, आणि आमच्या आत्याला तर ती रोजच दाखल करायची, कधी ताप, कधी मोडलेला हात. आत्या तिकडे दापोऱ्यात ओट्यावर बसून तंबाखू मळत असायची आणि इकडे तिचं बिल निघत असायचं. आम्ही पोट धरून हसायचो. फक्त एक गोष्ट वहिनी पाळायची. रुग्ण दगावला अशी नोंद तपासायची असेल तेव्हा घरातलं एकही नाव ती त्या खान्यात लिहायची नाही. तिथं कुठलं तरी भलतंच, कुणाचंच नसलेलं नाव. कारण विचारलं तर म्हणायची, "असू द्या ताई. हाताले वळण लागते."

मग एक दिवस पुण्याहून कंपनीतल्या मॅडमचा फोन आला. टेस्टरसाठी पुढचं, तांत्रिक प्रशिक्षण सुरू होत होतं. स्क्रिप्ट लिहायला शिकायचं, म्हणजे माणसाऐवजी प्रोग्रामच बटणं दाबून तपासणी करेल. सहा महिने पुण्यात राहावं लागणार होतं. आमच्या खोलीतून एकीला घेणार होते, आणि मॅडमनी नाव घेतलं ते वहिनीचं.

घरी त्यावर फार चर्चा झालीच नाही. आई म्हणाली, "लेकरू लहान आहे, कोन सांभाळंल?" दादा मोबाइलमध्ये बघत राहिला. वहिनी भाकरी थापत होती. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "मेघाताईला पाठवा. त्या बी करतील." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला एवढंच म्हणायचं होतं की मी सांभाळते तिच्या लेकीला, तिलाच जाऊ द्या. हे वाक्य मला त्या वेळीही सुचलं होतं. मी म्हणाले, "मी करीन."

पुण्यात आले आणि मी खरंच केलं. चौघींत एक फ्लॅट, सकाळी पोहे, दिवसभर क्लास. एपीआय, लोड टेस्टिंग, फ्रेमवर्क, ही नावं तोंडात बसली. बुधवाऱ्यात पेज उघडेपर्यंत आमचा चहा पिऊन व्हायचा, इथे चहा निवत राहायचा आणि काम पुढे धावायचं. आधी माझ्या बोलण्यातलं 'मले' गेलं, मग 'यार' आलं. आईशी फोनवर बोलताना ते परत यायचं, पण पाहुण्यासारखं, जरा अवघडून. जे असे गेले आहेत त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल.

शेवटचा प्रोजेक्ट मात्र आमच्याच सॉफ्टवेअरवर आला. बुधवाऱ्याच्या खोलीत मुली हातानं जी तपासणी करतात ती सगळी स्क्रिप्टमध्ये आणायची. मला काय ते लगेच समजलं. समजलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही. तरी मी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला आणि म्हणाले, "प्रोजेक्टसाठी पाहिजे, एकेक स्टेप हळूहळू करून दाखव ना." ती रोज दुपारी दाखवायची. नेट मध्येच बंद करून बघायची, सेव्ह दोनदा दाबायची, वय शून्य टाकायची, आणि प्रत्येक वेळी थांबून विचारायची, "दिसलं ना ताई?" मी म्हणायचे, दिसलं. बाबांच्या सांगण्याप्रमाणे मी काम अर्ध्यात सोडलं नाही.

नावंसुद्धा मी तिचीच उचलली. कुठं नवी शोधत बसायची. सगळी नावं एकत्र टाकली आणि स्क्रिप्ट प्रत्येक खान्यात आलटून पालटून ती वापरत राहिली. स्क्रिप्ट छान चालली, शाबासकी मिळाली, आणि तिचा पहिला रिपोर्ट पडताळणीसाठी बुधवाऱ्याला गेला. दुपारी वहिनीचा फोन आला.

"ताई, एक करा ना," ती म्हणाली. "आत्याबाईचं नाव त्या खान्यातून काढा. मयतच्या. बाकी राहू द्या."

मी लगेच काढलं. सॉरी म्हणाले, लक्षात नाही आलं म्हणाले. ती "बरं, बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. तिच्या हातातलं सगळं काम तिनं त्या कागदावर पाहिलं होतं, आणि मागून काय घेतलं, तर आत्याचं नाव. खोलीचं काय होणार हे तिनं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, हे खरं, पण दुसऱ्या दिवशी गेलं, हेही खरं.

प्रशिक्षण संपून मी पुण्यातच कामाला लागले, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरी गेले. आमच्याकडे आखाजीला लेकी माहेरी येतात. मी येणार म्हणून वहिनी या वर्षी आपल्या माहेरी मागाहून जाणार होती, हाही एक हिशेब आम्ही कुणी मांडलेला नाही. खापरावर मांडे झाले, आंब्याचा रस झाला, पहिलं ताट मला वाढलं. जेवणं आटोपल्यावर वहिनी मागच्या ओसरीवर खापर गार व्हायची वाट बघत बसली होती, तिथे मी तिच्याजवळ गेले आणि सांगितलं. खोली बंद होणार आहे. मी लिहिलेल्या स्क्रिप्टमुळे होणार आहे. हे मला आधीपासून माहीत होतं.

"मले बी माहीत व्हतं," ती म्हणाली. "आत्याबाईचं नाव पाह्यलं तवाच समजलं. खरं सांगू का, त्याच्या आधी बी समजलं व्हतं. तुम्ही हळू करा, हळू करा म्हणत होत्या ना."

"मग दाखवत का राहिली?"

"तुमचा प्रोजेक्ट होता ना."

तिनं माझ्यावर ओरडायला हवं होतं. मी घाईघाईनं म्हणाले, की मी मॅडमशी भांडले आहे, खोलीतल्या मुलींसाठी तेच प्रशिक्षण आता ऑनलाइन करणार आहेत, घरूनच करता येईल, आणि दुपारची बॅच मीच शिकवणार आहे. लेक झोपते तेव्हाच. मी तुला सगळं पहिल्यापासून शिकवीन.

वहिनीनं पदरानं हात पुसले. "शिकायचं तर आहे ताई," ती म्हणाली. "पण तुमच्याकडून नाही."

रागानं म्हणाली असती तर मी भांडले असते, रडले असते, काहीतरी झालं असतं. ती साध्या आवाजात म्हणाली आणि मला विचारलं, रस अजून उरलाय, घेता का? मी घेतला.

तिनं संध्याकाळची बॅच घेतली आहे. ती आमच्या कंपनीतले जोशी सर शिकवतात. संध्याकाळ म्हणजे स्वयंपाकाची वेळ, लेक अंगावर चढते ती वेळ, दादा शेतातून येतो ती वेळ. दुपारी माझ्या वर्गात स्क्रीनवर खोलीतल्या बाकीच्या मुली दिसतात, तिची चौकट नसते. मी फोन केला की ती चांगलं बोलते, केळी कशी आहेत सांगते, मी जेवले का विचारते. मध्यंतरी लोणच्याची बरणी पाठवली, फुटू नये म्हणून जुन्या साडीत गुंडाळून. अभ्यासाचा शब्द काढत नाही.

परवा चहाच्या वेळी जोशी सर म्हणाले, "तुमच्या बुऱ्हाणपूरची एक आहे माझ्या बॅचला. मागे कुकरच्या शिट्ट्या होत असतात आणि ही शंका विचारत असते. तुमच्या ओळखीची का?"

"माझी वहिनी आहे."

"मग माझ्याकडे कशाला? तुम्हीच शिकवा की."

मी हसून विषय बदलला. इतकी वर्षं घर म्हणजे काय असं कुणी विचारलं असतं तर मी दापोरा म्हणाले असते, आईचा आवाज म्हणाले असते. आजही तिथे गेले की पहिलं ताट मलाच मिळतं, परत निघताना पिशवीत जागा उरत नाही एवढं मिळतं. आता माझ्यासाठी घर म्हणजे ती जागा, जिथे मला अजून सगळं देतात आणि एक माणूस माझ्याकडून काहीच घेत नाही.