पांढऱ्या रेघांतली पावलं

बाजारात लावलेल्या एका हसऱ्या चेहऱ्याकडे बघून तुमच्या गावातली पोरं लढाईवर गेली आणि परत आली नाहीत, तर दोष कुणाचा? त्या चेहऱ्याचा, चित्रकाराचा, की चित्र काढायला लावणाऱ्या सरकारचा?

उत्तर लगेच देऊ नका. माझं उत्तर तर छापायला तयार होतं...

आधीच सांगते, या सदरातल्या भुताखेतांच्या गोष्टी मी आजवर हसण्यासाठी वाचत आले. माझे वडील शिरोली एमआयडीसीत, फौंड्रीत. युनियनचे कार्यकर्ते. आमच्या घरात देव्हारा नव्हता, त्या कोनाड्यात पत्रकांचे गठ्ठे असायचे आणि मी अक्षरं गिरवली ती त्यांवरच. अंगात येणं, झपाटणं या थोतांडाविरुद्ध पत्रकं लिहून मी बिंदू चौकात वाटली आहेत. त्यामुळे पुढचं सांगताना माझी मलाच लाज वाटते.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. मंगळवार पेठेत अप्पा चितारी नावाचे चित्रकार होऊन गेले. सुरुवातीला त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले, पोर्ट्रेट केली. दुसऱ्या महायुद्धात व्यंगचित्रांकडे वळले. हिटलरला झोडपलं, इंग्रजालाही सोडलं नाही. युद्ध संपल्यावरच्या त्यांच्या प्रत्येक व्यंगचित्रात कोपऱ्यात एक शिपाई असतो – कायम पाठमोरा. आम्ही काही मित्रमैत्रिणी त्यांच्या चित्रांचं प्रदर्शन भरवणार होतो आणि सोबतची पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे होतं. शीर्षकही ठरलं होतं : 'युद्धाला नकार देणारा कुंचला'.

अप्पांची मुलगी शालनअक्का नव्वदीला टेकलीय, त्याच घरात एकटी राहते. चित्रं द्यायला ती तयार झाली, पण एका अटीवर. "माझ्या बापाच्या नावाला डाग लागंल असं एक अक्षर छापायचं न्हाय," ती म्हणाली. असा डाग शोधूनही सापडायचा नाही, असं मी हसत म्हटलं. त्यावर तिनं मागच्या खोलीची किल्ली पुढे केली.

मागची खोली म्हणजे अप्पांचा स्टुडिओ. मी भर दुपारी तिथे मोबाइलवर चित्रांचे फोटो काढत होते. भिंतीपलीकडे अक्का शेंगा फोडत बसली होती, तो आवाज येत होता. मागे सरकताना फरशीवर दोन पावलांच्या आकाराच्या पांढऱ्या रेघा दिसल्या. चित्रकार मॉडेलच्या पावलांभोवती अशी रेघ मारून ठेवतात, म्हणजे मॉडेल मध्येच बाजूला झाला तरी पुन्हा नेमका तिथेच उभा राहतो. पण ती खडूची असते. ही ऑइलपेंटची होती. पावलं पुरुषाची, माझ्यापेक्षा मोठी. गंमत म्हणून मी त्यात उभी राहिले.

आणि अडकले.

पाय चिकटले नव्हते, जडही झाले नव्हते. मला हलायची परवानगी नव्हती... याहून नीट शब्द अजून सापडलेला नाही. हनुवटी आपोआप वर गेली. मोबाइल हातातून पडला. डावा हात छातीवर आला, खांद्यावरचा पट्टा धरावा तसा. आणि मी हसायला लागले. आवाज नाही, नुसतं तोंडभर हसू. गालफडं ठणकायला लागली तरी ते उतरेना. अंगात सुती कुर्ता, पण मानेला जाड लोकर खुपत होती.

डोकं शाबूत होतं, हेच वाईट. ऊन लागलंय, पोटात काही नाही, स्नायू आखडलेत – मी स्वतःला समजावत होते. अक्काला हाक मारायची होती, पण हाक मारली असती तर हसू मोडलं असतं, आणि ते मोडायचं नव्हतं. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं. समोर रिकामं ईझल. त्यामागे कोणी नव्हतं, हे छातीठोकपणे सांगते. तरी कुणाचं तरी काम चाललंय आणि ते पुरं होईपर्यंत माझी सुटका नाही, एवढं कळत होतं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हसू तसंच.

अक्का चहाचं विचारायला आली. दारातूनच चेष्टेनं म्हणाली, "दात कुणाला दाखवायलीस गं?"

मग तिचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. ती भिंतीला धरत जवळ आली. माझा हात बघितला, हनुवटी बघितली. आणि मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा हुकमी आवाजात म्हणाली, "हं. झालं रामा. उतर."

मी फरशीवर कोसळले.

पाणी प्यायल्यावर मी विचारलं, रामा कोण? ती भिंतीला टेकून सांगायला लागली. व्यंगचित्रांच्या आधी अप्पांनी इंग्रज सरकारसाठी सैन्यभरतीची पोस्टरं केली होती. रामा राधानगरीकडचा तरणा गडी, कोल्हापुरात राहून पेठेत दूध घालायचा. कुणाचा तरी लोकरी युनिफॉर्म मागून आणून अप्पांनी त्याला ऐन उन्हाळ्यात उभं केलं. अक्का तेव्हा लहान. "मी ताक घिऊन यायचो आन् त्येला वाकुल्या दावायचो," ती म्हणाली. "त्येनं हलायचं न्हाय की. अप्पा 'उतर' म्हणंपतोर कुणीच हलायचं न्हाय."

शेवटच्या दिवशी कुणी साहेब आला, अप्पा त्याच्याबरोबर बाहेर पडले आणि 'उतर' म्हणायचं राहून गेलं. दिवेलागणीपर्यंत रामा तसाच उभा. घरात सगळे त्यावर खूप हसले, रामासुद्धा. पुढे पोस्टर बाजाराबाजारांत लागलं. ते बघून पोरं भरती झाली, आणि मग लोक रामालाच विचारायला लागले, चित्रात शिपाई झालास, मग अजून दूधच घालतोस व्हय? शरमेनं तोही गेला. परत आला नाही. त्यानंतर अप्पांनी फरशीवरच्या खडूच्या रेघा ऑइलपेंटनं पक्क्या केल्या. का, ते कुणाला सांगितलं नाही.

अक्कानं ट्रंकेच्या तळातून पोस्टर काढलं. हनुवटी वर, डावा हात पट्ट्यावर, आणि ते हसू. हे पोस्टर मी कधी पाहिलं नव्हतं. कुणी त्याबद्दल सांगितलंही नव्हतं.

तुमच्या अटीचं काय, असं मी विचारलं.

"छाप," अक्का म्हणाली. "माझ्या बापाचं नाव मोठं हाय, सोसंल त्येला. त्या पोराला तर नावच न्हाय."

डॉक्टरांना काही सापडलं नाही. वडील म्हणतात, ऊन आणि रिकामं पोट. असेलही. पण न पाहिलेल्या चित्रातली पोझ उन्हानं कशी कळावी?

माझं शीर्षक मी खोडलं. पोस्टर पुस्तिकेच्या पहिल्या पानावर जाईल, खाली रामाचं पूर्ण नाव छापायचंय, पण त्याचं आडनाव अक्काला माहीत नाही. त्याचं गाव पुढे धरणाच्या पाण्यात गेलं, घरची माणसं कुठे पांगली कोण जाणे. म्हणून प्रदर्शन पुढे ढकललंय. तुमची मुळं त्या भागात असतील तर आज घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. कोल्हापुरात दूध घालणारा, लढाईवर जाऊन न परतलेला कुणी रामा आपल्यात होता का, ते विचारा. होता असं कळलं तर त्याचं आणि त्याच्या आईचं पूर्ण नाव इथे खाली लिहा.