अंदाजाचा ठिपका

मुलगी पाचला ऑफिसातून निघाली. अंतर अठरा किलोमीटर, स्कूटरचा वेग तीसच्या आसपास. म्हणजे पाच छत्तीसला ती दारात हवी होती. आता साडेसहा होत आले. फोन लागत नाही. मी वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर पेन्सिलीने ठिपके देत बसलोय. इथे पूल, इथे पेट्रोलपंप, आणि मग कुठे?

जहाजावर किनारा दिसेनासा झाला की आम्ही असंच करायचो. शेवटचं खात्रीचं ठिकाण घ्यायचं, वेगाला वेळेने गुणायचं आणि नकाशावर ठिपका द्यायचा. जहाज तिथेच आहे असं धरायचं आणि निवांत चहा प्यायचा. तीस वर्षं हे केलं, पेन्सिलीचं टोक कधी मोडलं नाही. आज मोडलं.

"मघापासून काय चाललंय हो?" बायकोने विचारलं. मी सांगितलं. ती हसली नाही.

"तुमची बोट लांब असली की मी वाती वळत बसायचे," एवढंच म्हणाली आणि दिवा लावायला देवघरात गेली.

मी कायमचा घरी आलो त्याला आठ वर्षं झाली. रोज एक वात जळते. तेव्हा वळलेल्या वातींचा तिचा डबा अजून संपलेला नाही.