एकोणीसचं बेअरिंग

डोंबिवलीच्या एमआयडीसीत सुट्टी शुक्रवारी. साऱ्या जगाची रविवारी, इथल्या कारखान्यांची शुक्रवारी. कोणी कधी ठरवलं कोण जाणे, पण त्या एका वाराने चांगदेव ओव्हाळच्या घरात जी भिंत घातली, ती त्याला दिसली तेव्हा केस पांढरे झाले होते.

चांगदेव टूलरूममध्ये फिटर होता, एकतीस वर्षं. शुक्रवारी तो घरी असायचा तेव्हा त्याची लेक रचना शाळेत, आणि रविवारी रचना घरी तेव्हा हा कारखान्यात. एरवी ओव्हरटाइम करून यायचा तोवर पोर पेंगुळलेली. मधला सगळा कारभार नीलाकडे, त्याच्या बायकोकडे. पोरीला काय हवं ते नीला नवऱ्याला सांगायची आणि नवरा काय म्हणाला ते पोरीला. बापलेकीचं भांडण मात्र कधी झालं नाही. भांडायलासुद्धा एका वेळी घरात असावं लागतं.

चांगदेव रिटायर झाला आणि दोन वर्षांत नीला गेली. निरोप पोचवणारीच गेली. रचना तेव्हा कोइमतूरला पंपांच्या कारखान्यात डिझाइनला लागलेली. दिवसकार्य उरकून ती परत गेली आणि दर रविवारी सकाळी दहाला तिचा फोन येऊ लागला. नाश्ता केलात का, केला. गोळी घेतलीत का, घेतली. गरम होतंय का तिकडे, होतंय. बरं, ठेवते पप्पा. हा झाला फोन. चांगदेव मापाचा माणूस, त्यामुळे फोन ठेवल्यावर त्याला स्क्रीनवरची वेळ वाचायची खोड लागली होती. पन्नास सेकंद, कधी त्रेपन्न. उरलेला आठवडा तो त्या पन्नास सेकंदांवर काढायचा. विहारात वंदनेला जायचा, भाजी आणायचा, एका माणसाचा भात दोन वेळा पुरवायचा. तीन खोल्यांत एकटा माणूस किती आवाज करणार? संध्याकाळी कधीकधी तो स्वतःच खाकरून बघायचा.

आणि मग सोसायटीच्या कमिटीने फळ्यावर नोटीस लावली: जिन्याखालच्या जुन्या सायकली आठ दिवसांत उचला, नाहीतर भंगारात जातील.

त्या ढिगात रचनाची बीएमएक्स होती. आठवीत असताना हट्टाने घेतलेली, लहान चाकांची, उड्या मारायची सायकल. ती घेऊन रचना दर रविवारी रेसिडेन्शियल भागातल्या रिकाम्या रस्त्यांवर जायची, पुढे ठाण्याच्या पुलाखालच्या सिमेंटच्या उतारांवरही. चांगदेवला हे सगळं नीलाकडून ऐकून माहीत. लेकीने चाक उचललेलं त्याने एकदाही बघितलं नव्हतं. रविवारी तो कारखान्यात असायचा ना.

लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगचे तीन मजले त्याने ती सायकल उचलून आणली, तेव्हा धाप लागली. नीला मसाल्याची पाकिटं करून विकायची, तिचा डिजिटल काटा ओट्यावर तसाच होता. पाच किलोपर्यंतच मोजायचा, म्हणून चांगदेवने सायकलचे पार्ट सुटे करून एकेक मोजले आणि बेरीज केली. तेरा किलो आठशे. रविवारी नाश्ता-गोळी झाल्यावर त्याने भीत भीत विचारलं, तुझी सायकल भंगारात देऊ का?

"नाही हां पप्पा, देऊ नका," रचना म्हणाली, आणि मग बोलतच राहिली. किती जड होती ती, उडी मारताना मागचं चाक उचलायचंच नाही, कारण फ्रेम साध्या लोखंडाची. ठाण्याच्या पोरी हलक्या सायकली आणायच्या आणि हिला मनगटं सुजवून घ्यावी लागायची. मम्मीला सांगितलेलं, पण मम्मी म्हणाली पप्पांना नको सांगू, वाईट वाटेल. फोन ठेवल्यावर चांगदेवने स्क्रीन बघितली. चोवीस मिनिटं.

नीलाच्या फोटोसमोर तो बराच वेळ बसून राहिला. पोरीने दुखरी मनगटं त्याच्यापासून लपवली होती आणि आता ती दाबायला फार उशीर झाला होता. याचं त्याला वाईट वाटलं. पण चोवीस मिनिटांचा आनंद त्याहून मोठा निघाला, आणि त्याची लाजही वाटली.

पुढच्या रविवारी त्याने जाहीर केलं की सायकल हलकी करायची, तू आलीस की चालवायला. फ्रेम कुठली घ्यावी?

तिने सांगितलं, अॅल्युमिनियम सगळ्यांत हलकं, पण ते शर्यतीच्या सायकलींना. उड्या मारून आपटायची सायकल असेल तर क्रोमोलीची फ्रेम बघा.

"क्रोमोली म्हणजे काय गं?" चांगदेवने विचारलं.

एकतीस वर्षं पोलादाची जात ठिणगीवरून ओळखणारा हा माणूस. ग्राइंडरवर तुकडा टेकवला की सांगायचा, हे अमुक, ते तमुक. तो आता खुर्चीत बसून लेकीकडून शिकत होता, की पोलादात क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलं की नळीची भिंत पातळ ठेवता येते आणि ताकद जात नाही. "अस्सं," तो म्हणाला. तिने ते खरंही मानलं. बाप कंपनीत जातो एवढंच तिला ठाऊक, तिथे काय करतो हे कोणी कधी सांगितलंच नव्हतं. हे त्याला जरा लागलं. पण गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, आणि चांगदेवने तर असलेली लपवून ठेवली होती.

मग हा सिलसिलाच सुरू झाला. फ्रेम आली, दोन किलो दोनशे. जुनीपेक्षा बाराशे ग्रॅम कमी. पुढच्या चाकाचा फोर्क आला. लोखंडी पेडल गेली, प्लॅस्टिकची आली. मोठ्या दातेरी चक्राच्या जागी पंचवीस दात्यांचं तळहाताएवढं चक्र, त्यामुळे साखळीही आखूड झाली. प्रत्येक पार्ट आधी नीलाच्या काट्यावर चढायचा आणि त्याला मसाल्याचा वास लागायचा. एक पार्ट म्हणजे तीन रविवार. पहिल्या रविवारी कुठला घ्यावा, दुसऱ्या रविवारी हाच का घ्यावा, तिसऱ्या रविवारी आला, एवढा भरला. मधल्या मधे इतर गोष्टीही निघायच्या. तिच्या मेसमध्ये सांबार गोड असतं. तिचा साहेब तिच्या ड्रॉइंगवर स्वतःची सही ठोकतो. एकदा तर म्हणाली, मम्मीच्या हातची सुकटीची चटणी स्वप्नात आली. हे ऐकून चांगदेव बाजारातून सुकट घेऊन आला, आणि ती भाजताना घरभर धूर करून बसला.

सगळ्याला शेवट असतो. सायकललाही. आठ महिन्यांत सारं बदलून झालं आणि उरलं फक्त पेडलच्या दांड्याचं बेअरिंग. दांडा एकोणीस मिलिमीटरचा, बेअरिंगचं भोक एकोणीसचं हवं. कल्याणच्या दुकानातून त्याने ते आणलंही. आणलं, हातात धरलं, बोटाने फिरवलं. काय सुरेख फिरत होतं. हे बसवायला वीस मिनिटं. मग सायकल पुरी. आणि मग?

मग नाश्ता केलात का, केला.

चांगदेवने ते बेअरिंग नीलाच्या मसाल्याच्या रिकाम्या डब्यात टाकलं आणि झाकण लावलं. ऑनलाइन दुसरं मागवलं, बावीसचं. रविवारी लेकीला सांगितलं, अगं, बेअरिंग ढिलं होतंय, माझं माप चुकलं.

तिने विचारलं कितीने चुकलं. त्याने खरं ते सांगितलं, तीन मिलिमीटर. सांगितल्यावर त्याला कळलं आपण काय बोलून बसलो. केसाच्या जाडीवरून कामगाराला झापणारा फिटर, आणि तीन मिलिमीटर! एवढ्या फटीतून कारखान्याचा मालक गाडीसकट गेला असता. रचना हळू आवाजात म्हणाली, बरं, बघू, आणि त्या दिवशी फोन सहा मिनिटांतच संपला.

मंगळवारी शेजारची समीक्षा दारात. शाळेत शिकवते, रचनाच्या वयाची. "काका, तयार व्हा, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचंय. रचनाचा फोन आलेला, रडत होती." चांगदेवने हजार सबबी सांगितल्या, एकही चालली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, याने डोळे दाखवून करून घेतलं. खुर्चीत बसवून डॉक्टरने अक्षरं वाचायला लावली. खोटं वाचावं असं क्षणभर त्याच्या मनात आलं. एखादं अक्षर चुकवलं की माप चुकल्याचं निभावलं असतं. लेक काळजीने रोज फोन करेल, हेही आलं मनात. पण शेवटच्या ओळीची बारीक अक्षरं समोर आली आणि एकतीस वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली. एकूण एक बरोबर वाचली. डॉक्टर म्हणाला, आजोबा, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत.

घरी आल्यावर समीक्षाने ते लगेच कोइमतूरला कळवलं. चांगदेवला रविवारपर्यंत झोप लागली नाही. पोरीला वाटलं असणार, डोळे नाहीत तर डोकं गेलं. आणि खरं सांगावं तर कोणत्या तोंडाने? बापाने लेकीकडे बोलण्याची भीक मागावी, आणि तीही खोटं माप सांगून?

रविवारी फोन दहाला आला नाही. सव्वादहा झाले, साडेदहा झाले. चांगदेव सायकलसमोर स्टुलावर बसून होता. खिडकीतून खालच्या पोरांचा क्रिकेटचा गलका येत होता आणि घरात फक्त फ्रिज घरघरत होता. नीला असती तर म्हणाली असती, तुम्हीच लावा की फोन, हात मोडलाय का? इतक्या वर्षांत त्याने एकदाही स्वतःहून लेकीला फोन लावला नव्हता. पावणेअकराला त्याने लावला.

"डोळे चांगले आहेत म्हणे," ती म्हणाली. नाश्त्याचं विचारलं नाही.

"चांगले आहेत."

"मग माप?"

"मापही बरोबर होतं, रचू. एकोणीसचं बेअरिंग मम्मीच्या डब्यात आहे. पंधरा दिवस झाले. मी मुद्दाम बावीसचं मागवलं." पुढचं वाक्य त्याने आयुष्यात कधी कोणाला म्हटलं नव्हतं. "सायकल पुरी झाली असती तर तू माझ्याशी काय बोलली असतीस?"

फोन कटला की काय म्हणून त्याने स्क्रीन बघितली. सेकंद पुढे सरकत होते.

"क्रोमोलीपण माहीत होतं तुम्हाला," ती अखेर म्हणाली.

"एकतीस वर्षं तेच केलं."

"आणि मी तुम्हाला शिकवत बसलेले." ती हसली की रडली ते त्याला नीट कळलं नाही. तिने नाक ओढलं तेवढं ऐकू आलं. मग ती म्हणाली की ठाण्याच्या पुलाखाली तिने पहिल्यांदा पूर्ण गिरकी घेतली तो रविवार तिला आठवतो. खाली उतरल्यावर सगळ्यांचे आईबाप टाळ्या वाजवत होते. मम्मीही. तेव्हा तिने आजूबाजूला बघितलेलं.

चांगदेवला तो रविवार आठवत नव्हता. त्याच्यासाठी तो कारखान्यातला एक दिवस होता.

"ते बेअरिंग लावू नका आत्ता," रचना म्हणाली. "मी रजा टाकते. आपण दोघं लावू, मग ठाण्याला जाऊ. तुम्ही नुसतं बघायचं."

"कधी येतेस?"

"शुक्रवारी," ती म्हणाली. "शुक्रवारी तुम्हाला सुट्टी असते ना."

चांगदेवला रिटायर होऊन चार वर्षं झाली होती. त्याला आता सगळेच वार सुट्टीचे होते, आणि सगळे सारखेच लांब.

"हो," तो म्हणाला. "शुक्रवारी मी घरीच असतो."