काटा काय म्हणतो?

आमच्या ऑफिसात भिंतभर एक स्क्रीन होता. जिल्ह्यातल्या दूध शीतकरण केंद्रांवर कुठली टाकी किती थंड आहे, हे त्यावर रंगीत रेषांनी दिसायचं. पाहुणे आले की आम्ही त्यांना आधी त्या स्क्रीनसमोर उभं करायचो. आणि हा सगळा देखावा ज्यांच्या जिवावर चालला होता, ते रंगनाथ शेळके सर रोज सकाळी आले की नेमकी त्या स्क्रीनकडे पाठ करून बसायचे आणि मोबाइल कानाला लावायचे.

"सर्जेराव, काटा काय म्हणतो?"

सर्जेराव हा पैठणजवळच्या एका केंद्रावर टाकी सांभाळणारा माणूस. तो उठून टाकीवरचं गोल काट्याचं तापमापक बघून यायचा आणि आकडा सांगायचा. मग सर खुर्ची फिरवून स्क्रीनवरचा आकडा बघायचे. दोन्ही जुळले की "हां, बरोबर हाय" म्हणून शाबासकी द्यायचे. ती सर्जेरावला नसायची, स्क्रीनला असायची. मग पुढच्या केंद्राला फोन.

कागदोपत्री मी त्यांची वरिष्ठ होते. म्हणजे त्यांची रजा मी मंजूर करायची आणि त्यांनी ती आधीच घेतलेली असायची. हा फोनाफोनीचा कार्यक्रम पाहुण्यांपुढे बरा दिसत नाही, असं मी एकदा जपून सुचवलं. "सर, स्क्रीनवर सगळं दिसतंच आहे ना?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मॅडम, दिसतंय ते मीच दाखवतोय. मी माझ्यावरच इस्वास कसा ठेवू?"

शेळके सर मूळचे फुलंब्रीचे. घरची शेती भाऊ बघायचे, आणि आमच्या ऑफिसच्या चहातलं आलं वर्षभर त्या शेतातून यायचं. स्वतः सर पुंडलिकनगरात राहायचे. वाळूजच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं सांभाळण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि कारखान्यानं ते खातंच गुंडाळल्यावर, ज्या वयात लोक जावई शोधायला लागतात त्या वयात, ते प्रोग्रॅमिंग शिकले. नम्रता त्यांच्याकडे औषधालाही नव्हती. "हे असलं लिहिणारा अख्ख्या मराठवाड्यात दुसरा दाखवा, नोकरी सोडतो," असं ते चहा पिताना सहज म्हणायचे. कोणी दाखवायला गेलं नाही, कारण ते खरं असण्याची शक्यता होती.

त्यांनी लिहिलं होतं ते असं. तो रेषा काढणारा डॅशबोर्ड परदेशात कोणी तरी बनवलेला, फुकट मिळणारा. तो दिसायला फार देखणा, पण आकडे त्याला कोणी तरी आणून द्यावे लागतात. आमच्या केंद्रांवरची यंत्रं जुनी, त्यांची भाषा त्याला कळेना. सरांनी दोघांच्या मध्ये बसणारा दुभाष्या लिहिला. याला डेटा सोर्स प्लगिन म्हणतात. सर त्याला "आमचा माणूस" म्हणायचे. डॅशबोर्डनं विचारलं की आमचा माणूस केंद्रावर जातो, आकडा घेतो, परत येऊन सांगतो. आणि केंद्राची लाइट गेली असली, यंत्र बंद असलं, तर आमचा माणूस हात हलवत परत येतो. मग त्या वेळेपुरती रेष तुटते आणि स्क्रीनवर मोकळी जागा दिसते. त्या मोकळ्या जागेवर सरांचा फार जीव होता. "जो आलाच नाय त्याची हजेरी लावायची नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

हे प्लगिन जगभरच्या लोकांना वापरता यावं म्हणून त्या डॅशबोर्डवाल्यांच्या कॅटलॉगमध्ये घालायचं ठरलं. तिथं आधी तपासणी होते, मग डिजिटल सही मिळते. सही नसेल तर डॅशबोर्ड प्लगिनला दारात उभं करत नाही. तपासणारा माणूस सातासमुद्रापार बसलेला. त्याची पहिली शंका आली ती सरांनी लिहिलेल्या माहितीपत्रकावर. वापरण्याच्या सूचनांमध्ये पहिलीच सूचना होती: केंद्रावर फोन करून काटा विचारावा. ही पायरी सक्तीची आहे का, असं त्यानं अदबीनं विचारलं होतं. सर मला म्हणाले, "लिहा, ज्याला दुधाची काळजी हाय त्याला सक्तीची हाय." मी इंग्रजीत 'शिफारस केलेली' एवढंच लिहिलं. दुसरी शंका, सोबत पाठवलेल्या नमुन्यात दुपारची रेष मध्येच तुटली आहे, हा दोष आहे का? सर खुर्चीतून उठलेच. "दोष? लाइट गेली व्हती तिथं! त्याच्याकडं लाइट जात नाय का?" बहुधा जात नसावी. पण त्या भल्या माणसानं आमचं उत्तर मान्य केलं आणि सही मिळाली.

सही मिळाली त्या दिवशी सरांनी पेढे वाटले. वास्तविक आता कोणीही कुठूनही बटण दाबून प्लगिन उतरवून घेऊ शकत होतं, त्यासाठीच तर हा खटाटोप. पण पत्रिका छापून आल्यावर ती कुरियरनं पाठवणारं घराणं शेळक्यांचं नव्हे. सरांनी प्लगिन पेनड्राइव्हवर घेतलं, पहिला मान म्हणून देव्हाऱ्यात ठेवलं, त्यांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्याला हळदकुंकू लावलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं ते डेअरीच्या मालकांना समक्ष द्यायला गेलो. हे मालक म्हणजे भाऊसाहेब. ती सगळी केंद्रं त्यांचीच. भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये पेनड्राइव्ह लावला तर कॉम्प्युटर त्याला ओळखेना. सरांनी तो काढून फुंकर मारली, आणि टेबलावरच्या पांढऱ्या काचेवर लाल-पिवळी भुकटी पडली. भाऊसाहेब धार्मिक होते. त्यांनी ती बोटानं टिपून कपाळाला लावली. शेवटी मी प्लगिन इंटरनेटवरून उतरवलं, आणि सर केबिनमधून बाहेर पडेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

भाऊसाहेबांना स्क्रीन आवडला. मोकळ्या जागा आवडल्या नाहीत. त्यांच्याकडे मोठ्या शहरातले पाहुणे यायचे होते, आणि पाहुण्यांनी भागीदारी केली तर आणखी कितीतरी केंद्रं आमच्या प्लगिनवर येणार होती. ती आली तर सरांचं काम पुढे चालणार होतं आणि संपत आलेला त्यांचा करार वाढणार होता. नाही तर आमचे संचालक हा विभागच बंद करणार, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"सर, मोत्याच्या माळेत मधूनच दोरा दिसावा तसं दिसतंय हे," भाऊसाहेब म्हणाले. "आकडा नसला तर मागचाच आकडा पुढं ओढा की. रेष कशी सलग पाहिजे."

"तवा तिथं काय झालं ते कुणाला मालूम नाय, भाऊसाहेब."

"पाहुण्यांना कुठं मालूम करून घ्यायचंय?"

"दुधाला असतं ना मालूम," सर म्हणाले. "नाय जमणार."

काम तासाभराचं होतं. परतताना गाडीत मी त्यांना तेच सांगितलं, दोनदा सांगितलं. एक पर्याय ठेवू, ज्याला हवं तो रेष जोडून घेईल, तुमचं नाव खराब होत नाही, नोकरी राहते. सर खिडकीबाहेर बघत होते. "मॅडम, शाळेत आमचे हेडमास्तर तपासणीच्या दिवशी शेजारच्या वर्गातली पोरं आणून बसवायचे. वर्ग भरलेला दिसायचा. शाळेत न येणारे आमी मात्र त्या वर्षी तसेच कोरे राह्यलो. वर्ग भरलेला, मग आमाला हुडकाय कोण येणार?" मग थोड्या वेळानं म्हणाले, "तुमी माझ्यासाठी सांगताय ते समजतं मला. पण नाय." मला त्यांचा मनस्वी राग आला होता. घरात काकूंचं गुडघ्याचं दुखणं, आणि हा माणूस एका मोकळ्या जागेसाठी अडून बसला होता.

मग जे व्हायचं तेच झालं. भाऊसाहेबांना दुसरी कंपनी मिळाली. तिनं रेष सलग करून दिली, वर हिरवा रंग फुकट दिला. आमचा विभाग बंद झाला, भिंतीवरच्या स्क्रीनवर क्रिकेट दिसायला लागलं, सरांचा करार संपला. प्लगिन तेवढं कॅटलॉगमध्ये राहिलं, त्यांच्या नावासकट. गंमत म्हणजे आपल्या जिल्ह्यात ते कोणी वापरत नव्हतं, पण कुठल्या कुठल्या देशांतले लोक ते उतरवून घेत होते, आणि मोकळी जागा स्पष्ट दाखवतं म्हणून आभार मानत होते. सर मला ते निरोप वाचून दाखवायला सांगायचे आणि "मग!" एवढंच म्हणायचे.

पण सकाळचा फोन त्यांनी बंद केला नाही. नोकरी नाही, स्क्रीन नाही, जुळवून बघायला आकडा नाही. पुंडलिकनगरच्या गच्चीत खुर्ची टाकून सर सर्जेरावला विचारायचे, "काटा काय म्हणतो?" आणि सर्जेरावही बघून येऊन सांगायचा. काकू म्हणायच्या, यांना निवृत्त केलंय हे त्या टाक्यांना कोणी तरी कळवा.

एका उन्हाळ्यात या फोनानं भाऊसाहेबांचं दूध वाचवलं. पैठणकडची लाइट पहाटेच गेलेली, नवं यंत्र मुकाट्यानं मागचाच आकडा पुढे ओढत होतं, स्क्रीनवर रेष सलग आणि हिरवीगार. केंद्रावरचा जनरेटर वरून निरोप आल्याशिवाय सुरू करायचा नाही, आणि वर सगळं हिरवं, तेव्हा निरोप येणार कशाला? सरांच्या फोनमुळे सर्जेराव काटा बघायला उठला आणि ओरडला, "सर, काटा चढाय लागलाय!" सर म्हणाले, "जनरेटर चालू कर. कुणी इचारलं तर माझं नाव सांग." दूध वाचलं, आणि कोणी काही विचारलंही नाही. भाऊसाहेबांनी नंतर नव्या कंपनीच्या लोकांचा शाल देऊन सत्कार केला. एवढी लाइट गेली तरी दूध नासलं नाही आणि रेषसुद्धा हलली नाही, म्हणून. मी हे चिडून सरांना सांगितलं तर ते पोट धरून हसले. "अहो, ती रेष आता भूकंप आला तरी हलायची नाय!"

मागच्या वर्षी त्यांच्या छातीत दुखायला लागलं. मी दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा बोटाला चिमटा लावलेला, डोक्याशी मॉनिटर. मला बघून त्यांनी बसा म्हणून हात हलवला आणि चिमटा निसटला. मॉनिटर किंचाळायला लागला. मी उठून सिस्टरला हाका मारल्या. सरांनी एक डोळा उघडला.

"काय दाखवतंय?"

"काहीच नाही, सर. नुसत्या दोन आडव्या रेघा."

"आकडा नाय?"

"नाही!"

"मग चांगलं मशीन हाय," ते समाधानानं म्हणाले. "मागचा वढला नाय त्यानं."

सिस्टरनं येऊन चिमटा लावला आणि त्यांना दम भरला. सरांनी तिला विचारलं, "सिस्टर, नाडी हातानं पन बघता ना?" ती म्हणाली, "बघते की, काका." "मग हरकत नाय," म्हणून त्यांनी डोळे मिटले. मला त्या क्षणी हा माणूस आणखी खूप वर्षं असाच हटवादी राहावा असं वाटलं, आणि तसं म्हणायचं सोडून मी त्यांना बोलू नका म्हणून रागावले. उशाशी मोबाइल होता. सकाळचा फोन त्यांनी तिथूनही केला होता, असं काकूंनी बाहेर आल्यावर सांगितलं.

त्याच आठवड्यात सर गेले. फुलंब्रीला सगळं आटोपून मी घरी आले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत असताना फोन वाजला. माझा नंबर जुन्या कामामुळे सर्जेरावकडे होता, पण त्यानं मला कधी फोन केला नव्हता.

"मॅडम, सरांचा फोन नाय आला. कालबी नाय, आजबी नाय. असं कधी व्हत नाय. काय झालं का?"

सगळ्या नातेवाइकांना कळवलं होतं, ऑफिसला कळवलं होतं. सर्जेरावचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. मी त्याला सांगितलं. चहा उतू गेला.

"मग आता काटा कुणाला सांगू?" त्यानं विचारलं.

"मला सांगा."

"तुमी आधी इचारा तर."

मी गॅस बंद केला आणि विचारलं, "सर्जेराव, काटा काय म्हणतो?"

"थांबा," तो म्हणाला, "बघून येतो."