फुलाक्का आणि गॅस हुंगणारं यंत्र

गणेशगुडीत फुलाक्काच्या नाकाचा भारी बोलबाला. दूध नासलंय हे तिला झाकण काढायच्या आधी कळतं, असं लॉजचा मालक शिवानंद येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगायचा. बाजारकुणंगकडच्या वाडीतून ती इथल्या स्वयंपाकघरात आली त्याला अठरा वर्षं झाली. आता खरं सांगायचं तर त्या नाकाला तीन वर्षांपूर्वी एका तापानंतर वास यायचाच बंद झाला होता. हिंगाचा नाही, करपल्या भाताचा नाही, कशाचाच नाही. पण एकट्या, पन्नाशी उलटलेल्या बाईनं हे काम गेल्यावर करायचं काय? ती गप्प राहिली. फोडणी कानांनी ओळखायची, भात डोळ्यांनी.

त्या दिवशी सकाळी हुबळीहून किरण नावाचा माणूस आला. गॅस गळला तर ओरडणारी, भिंतीवर कायमची बसवायची दोन यंत्रं, एक लहान आणि एक मोठं, त्यानं दाखवायला आणली होती. लॉज वाढलं होतं. मागच्या शेडमधल्या आठ सिलिंडरांतून पाइप थेट स्वयंपाकघरात आला होता आणि वर पाहुण्यांच्या सहा खोल्या होत्या. शिवानंदनं बोट केलं ते छताकडं. ट्यूबलाइटच्या शेजारी लावा म्हणाला, दिसायलाही बरं.

पण यंत्र बघून फुलाक्काला कुठला दम निघतोय! पदराला हात पुसत ती पुढं झालीच. ह्याला वास कळतो व्हय, सर्दी झाली तर काय, मिरचीचा खकाणा उठला तर हे खोकतं का, असं तिनं विचारून विचारून किरणला भंडावलं. तोही भला माणूस. मालकाला सोडून फरशीवर बसला आणि तिला सांगू लागला. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. छताला लावलेलं यंत्र नुसतं बघत बसेल आणि खाली व्हायचं ते होऊन जाईल.

फुलाक्काला ते लगेच पटलं. नदीकाठच्या शेतात सकाळचं धुकंही खोलगट जागीच बसून राहतं, हे ती लहानपणापासून बघत आली होती. तिनं कोळसा घेऊन जमिनीपासून वीतभर वर एक खूण केली आणि स्वतःच पुसली. तिथं फरशी धुतानाचं पाणी उडालं असतं. दाराजवळची खूणही पुसली, कारण तिथला वारा गॅस यंत्रापर्यंत पोचूच देणार नाही. शेवटी शेगड्यांच्या मागं, पाइपाचा सांधा होता त्याच्याजवळ, फरशीपासून हातभर उंचीवर तिचा कोळसा थांबला. किरणनं मान डोलावली.

मग दोन यंत्रांत फरक काय? लहान नुसतं ओरडतं, तेही हात पुसायच्या स्पिरिटनं, फोडणीच्या धुरानंसुद्धा. मग वैतागून लोक त्याची वायरच काढून ठेवत असतील, असं फुलाक्का म्हणाली आणि किरणला हसू आलं, कारण होत होतं तसंच. मोठं असं फसत नाही, आणि गॅस गळला की पाइपाचा व्हॉल्व्ह आपणहून बंद करतं. किंमत मात्र तिप्पट.

शिवानंद हट्टाला पेटला. आमच्याकडं फुलाक्काचं नाक हाय, लहानच पुरे, म्हणाला. आणि लावली की त्यानं तिच्या नाकाची आणि यंत्राची शर्यत! व्हरांड्यात लहान यंत्र फरशीवर ठेवलं आणि किरणनं दोन पावलांवर एका छोट्या कॅनमधून थोडा गॅस सोडला.

फुलाक्कानं तीन वर्षं जे केलं तेच केलं. तिथंच भाजी चिरणाऱ्या सुनयनाच्या तोंडाकडं बघितलं. सुनयना तिशीतली, कॅसलरॉकची, तिच्या हाताखाली काम करायची. सुनयनानं नाक मुरडलं आणि त्याच क्षणी फुलाक्का म्हणाली, आला वास. यंत्र त्यानंतर ओरडलं. शिवानंदनं टाळीच वाजवली.

जिंकली कसली, मेली बिचारी! आता लहानच यंत्र बसणार आणि बाकीचा भरवसा तिच्या नाकावर. वरच्या खोलीत आज दोन लहान पोरं उतरली होती, सकाळी तिनंच त्यांना दूध दिलं होतं.

"अण्णा, मोठं घ्या," ती म्हणाली. "मला वास येत न्हाई. तीन वर्सं झाली."

शिवानंदचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मग तीन वर्सं वरची माणसं कुणाच्या भरवशावर झोपली?"

फुलाक्काला शरमेनं मान वर करवेना. आता गाठोडं बांधायचं, एवढंच तिच्या मनात आलं.

"माझ्या," सुनयना म्हणाली. विळी बाजूला सारून ती उठली. "करपलेलं दूध तुमी तसंच वाढलं, त्याच दिवशी मला कळलं, अक्का. तवापासनं तुमच्या समोर उभी ऱ्हाऊन नाक मुरडते. तुमाला एकटं टाकून जायचं कसं? गणपतीच्या तीन चवथी झाल्या, माहेरी गेले न्हाई."

मग शिवानंदनं किरणला मोठं यंत्र बसवायला सांगितलं, फुलाक्कानं खूण केली तिथंच. आणि तिला म्हणाला, दुपारच्या जेवणाचं बघा आता, उशीर होतोय. फुलाक्का तरीही जागची हलली नाही, सुनयनाचा हात धरून उभी राहिली.

यंत्र आठवड्यात बसेल, असं किरण म्हणाला. यंदा चवथीला येते, असं सांगायला सुनयनानं तिथल्या तिथं आईला फोन लावला.