मुळे सरांचं घडीचं स्टूल

उज्जैनच्या नानाखेडा स्टँडवर बस रिकामी झाली तरी मुळे सर उठले नाहीत. कंडक्टरने त्यांच्याच फोनवरून शेवटचा नंबर लावला, तो माझा. "मैडम, आपके साहब उठ नहीं रहे..." मी त्याच्यावरच डाफरले, अहो हिलाओ ना उनको, पानी मारो! तो हळूच म्हणाला, "हिला के देख लिया." महिना होऊन गेला, पण ते वाक्य काही डोक्यातून जात नाही.

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची मुलं शेवटच्या सत्रात इंदूरच्या कंपन्यांत काम शिकायला जातात. त्यांना जागा शोधून देणं आणि शेवटी गुण देणं, दोन्ही मुळे सरांकडे. मूल काय शिकलं ते बघणं सगळीकडे आता व्हिडिओ कॉलवर उरकतात. सर मात्र घडीचं स्टूल काखेत मारून बसने निघायचे. का, तर कंपनीत पाहुण्याला साहेबांच्या केबिनमध्ये खुर्ची मिळते, मुलाच्या शेजारी मिळत नाही. मुलाला खेटून बसायचे नि म्हणायचे, "समझो मैं आज ही भरती हुआ हूँ. सिखाओ." मूल अडलं की गप्प बसून राहायचे. एकदा एक मुलगी रडायलाच लागली. प्रोग्रामिंगच्या नावाखाली तिला दिवसभर कर्ज विकायचे फोन करायला बसवलं होतं. सरांनी तिला तिथून उठवूनच आणलं, नापास केलं, आणि दुसरी जागाही स्वतःच शोधून दिली. असा विचित्र माणूस!

हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा मी भांडले. "सर, जिवावर उदार झालात का? व्हिडिओवर बघा की." हसले. "अगं, व्हिडिओवर तोंड दिसतं. हात कुठे दिसतात?"

त्या दिवशी भर दुपारी इंदूरहून त्यांचा फोन आला. अंकित नावाच्या मुलाच्या कंपनीपुढे उभे होते. "अगं, इथे तर शटर बंद आहे. शेजारचा पानवाला म्हणतो, हे ऑफिस कधीचंच उठलं. पोरगा फोन उचलत नाहीये... बरा असेल ना गं?"

अंकित ठणठणीत होता! इथेच, उज्जैनला, आपल्या घरी. काम पूर्ण केल्याचं खोटं सर्टिफिकेट कुठूनतरी पैदा करून बसला होता. सर त्याच्या काळजीत परतीच्या बसमध्ये चढले.

तेराव्याला तो सरांच्या दारात आला. "मैडम, सर मेरे ही लिए गए थे." मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खोटं कशाला बोलू? सरांच्या जागी गुण द्यायचे आता माझ्याकडे आले होते. विभागप्रमुख म्हणाले, "अब जाने दीजिए मैडम, पास कर दीजिए. बच्चे का साल क्यों बिगाड़ना?" निघताना वहिनींनी बसमधून परत आलेलं स्टूल माझ्या हातात दिलं. "घेऊन जा गं हे. मला बघवत नाही."

काल लॅबमध्ये अंकितला बसवलं आणि शेजारी सरांचं स्टूल उघडून मी बसले. एक पाय चांगलाच डुगडुगतो. तसल्यावर सर तास तास कसे बसायचे, देव जाणे. म्हटलं, "समझो मैं आज ही भरती हुई हूँ. सिखाओ." त्याने कीबोर्डवर हात ठेवले. ते हलेनात. मी गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाला, "मैडम, मुझे कुछ नहीं आता..." आणि ढसाढसा रडला. मीही रडले.

मग त्याला नापास केलं. स्टूल मिटून त्याच्या हातात दिलं.

"सोमवार को सुबह नानाखेड़ा आ जाना. दूसरी जगह ढूँढ़ने चलेंगे. ये तू उठाएगा."